ट्रिमर उलटा बसवला की राऊटर टेबल झालं? नाही, आणि का नाही ते मुद्द्यावार

राऊटर म्हणजे फिरत्या बिटाने लाकडात खाच नाहीतर कडेला आकार काढणारं मशीन, ट्रिमर त्याचा छोटा भाऊ, आणि तो टेबलाखाली उलटा बसवून फळी वरून सरकवली की झालं राऊटर टेबल. सुतारकामाच्या ग्रुपांवर याबद्दल एक मेसेज फिरतोय, बऱ्याच व्हिडिओतही तेच सांगतात. थोडक्यात असा: "टेबलसाठी मोठा राऊटर घेऊन पैसे घालवू नका, साडेपाचशे वॅटचा ट्रिमर प्लायला उलटा स्क्रू करा. ३०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) आहे म्हणजे फिनिश मोठ्यापेक्षा चांगलाच येणार. शँक (बिटाचा मशीनमध्ये जाणारा दांडा) बारीक असो की जाड, कापतं ते ब्लेड. स्पीड कंट्रोलची गरज नाही, हाइट हाताने सेट होते, आणि टेबलात बसवला की हात मशीनपासून लांब म्हणून सेफ." हे वाचून नवीन शिकणारी पोरं ट्रिमर घेतायत आणि त्यावर मोठाले बिट लावतायत, म्हणून राहवलं नाही.

आधी ट्रिमरच्या बाजूने जे खरं आहे ते सांगतो. माइका ट्रिम करणं, कडेला ३ मिमीची गोलाई, सागाच्या पट्टीला बारीक चॅम्फर (तिरकी कापलेली कड), एवढ्यासाठी छोट्या टेबलात ट्रिमर मस्त चालतो. ५५० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर अडीच अँपिअरच्या आत, घरातल्या साध्या सॉकेटवर निभतं. माझ्याकडेही असं छोटं टेबल आहे आणि ते मी मोडणार नाहीये. पण मेसेज म्हणतो की हे मोठ्या राऊटरच्या जागी चालतं. तिथे घोळ आहे.

३०,००० आरपीएम म्हणजे ताकद नव्हे. १२ मिमी रुंदीची खाच सागात एका दमात ८-१० मिमी खोल काढून बघा, मशीनचा आवाज लगेच खाली बसतो, मग आपण फळी हळू सरकवतो, हळू सरकवली की बिट कापायच्या ऐवजी घासायला लागतो आणि सागावर काळा डाग पडतो. तो डाग घासून काढायला पट्टी खोलातून घासावी लागते, नाहीतर पॉलिशखाली अजून उठून दिसतो. २-२ मिमीच्या फेऱ्या मारून ट्रिमरनेही खाच निघते हो, पण पाच फेऱ्या गुणिले दहा फळ्या, आणि तोवर ट्रिमर हाताला चटका बसेल इतका तापलेला असतो.

शँकच्या मुद्द्यावर जरा जास्त लिहितो कारण इथे माझं नुकसान झालंय. माझ्या ट्रिमरचा कोलेट (शँक पकडणारा भाग) होता पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, आणि दुकानदाराने दिलेला बिट ६ मिमी शँकचा. फरक ०.३५ मिमीचा. नट आवळला, बिट घट्ट वाटला, हाताने ओढून पाहिला तरी हलला नाही. ड्रॉवरच्या फळ्यांना तळाची खाच काढत होतो, ६ मिमी खोल. पहिली फळी बरोबर. चौथ्या फळीला आवाज बदलल्यासारखा वाटला पण मी थांबलो नाही. नंतर मोजलं तर सुरुवातीला ६ असलेली खाच शेवटी ८ च्या पुढे गेलेली, १२ मिमीच्या फळीत मागे उरलं काय मग! बिट कंपनांनी कोलेटमधून सरकत सरकत वर येत होता, आणि टेबलात ते दिसतच नाही कारण बिटावरून फळी चाललेली असते. चार फळ्या गेल्या. अजून थोडा सरकला असता तर बाहेरच आला असता. १२ मिमी शँक १२.७ च्या कोलेटात घालणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, तिथे फरक दुप्पट आहे आणि बिटही मोठा असतो.

हा झाला पकडीचा भाग. दुसरी गोष्ट वाकण्याची. गोल सळईची जाडी दुप्पट केली की वाकायला तिचा विरोध सोळापट होतो, हे साधं गणित आहे, म्हणजे पाव इंचाच्या शँकपेक्षा अर्ध्या इंचाची शँक सोळापट ताठ. बिट जेवढा लांब आणि रुंद तेवढं हे जाणवतं. बारीक शँक थरथरते आणि ती थरथर कडेवर बारीक लाटांसारखी उमटते, बोट फिरवलं की कळतं. तेव्हा कापतं ब्लेडच, पण ब्लेडला धरून कोण ठेवतं? शँक.

स्पीड कंट्रोल लागत नाही हे वाक्य तर मला सगळ्यात धोकादायक वाटतं. ऑनलाइन सेटमध्ये पाव इंच शँकवर ५० मिमी व्यासाचे पॅनल बिट (दरवाजाच्या पॅनलची कड काढणारे) मिळतात, म्हणजे ट्रिमरात ते बसतात. आता गणित करा. ३०,००० आरपीएमला त्या बिटाची कड सेकंदाला साधारण ७८ मीटर जाते, ताशी २८० किलोमीटरच्या पुढे. तोच बिट १८,००० वर आणला तर सेकंदाला ४७ मीटर. साधारण हिशोब असा धरतात की २५ मिमीपर्यंतचे बिट २४,००० ला चालतील, ५० पर्यंत १८,००० आणि त्याच्या पुढचे मोठे पॅनल बिट १२,००० च्या आसपास. बिटाच्या पाकिटावर मॅक्स आरपीएम छापलेलं असेल तर तेच अंतिम. आणि हे फक्त ट्रिमरपुरतं नाही, बाजारात १२ मिमी कोलेटचे स्वस्त राऊटर मिळतात त्यातले बरेच एकाच स्पीडचे, २२-२३ हजारवाले असतात, तेही मोठ्या पॅनल बिटाला नकोत. त्याला फॅनचा रेग्युलेटर लावायचं तर डोक्यातही आणू नका, तो एवढ्या लोडसाठी नसतोच.

हाइटचा मुद्दा. ट्रिमर १८ मिमी प्लायखाली स्क्रू केला की बिटाची १८ मिमी लांबी प्लायमध्येच गेली, वर उरतं बोटाच्या पेराएवढं. प्लाय खालून खोदून ६-८ मिमी ठेवा किंवा वेगळी प्लेट टाका, त्याशिवाय उपयोग नाही. आणि हाताने हाइट सेट म्हणजे लॉक सैल करायचा, मोटर वर ढकलायची, लॉक लावताना ती अर्धा मिमी हलते, परत सैल करायचं. हे सगळं टेबलाखाली वाकून, भुसा डोळ्यात घेत. प्लंज राऊटरलाही (ज्याची मोटर स्प्रिंगवर दाबून खाली उतरवतात) ही अडचण आहेच, उलटा लावला की त्याची स्प्रिंग मोटरला खाली ढकलते आणि वजनही खालीच ओढतं, म्हणून टेबलसाठी स्प्रिंग काढता येते का आणि हाइट स्क्रूने फिरवता येते का हे आधी बघायचं.

"टेबलात सेफ" याबद्दल एवढंच. टेबलात मशीन स्थिर असतं, पण आता फिरता बिट वर तोंड करून उघडा आहे आणि हात फळीबरोबर त्याच्याकडे जातोय. फेन्स (फळी टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ आडपट्टी) बिटाच्या मागे असताना फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची, उलट घातली तर बिट ती हातातून खेचून घेतो. फळी कधीही फेन्स आणि बिटाच्या मधून घालायची नाही. आणि आपल्याकडचा खास धोका, लाईट जाणं. ट्रिमरचं बटण ऑनच राहतं, आपण बिट साफ करायला हात घालतो आणि लाईट येते. म्हणून टेबलाला पुढच्या बाजूला असा स्विच हवाच जो लाईट गेली की स्वतः पडतो आणि परत दाबल्याशिवाय चालू होत नाही. बिट बदलताना प्लग काढायचाच, स्विचवर भरवसा नाही.

मग घ्यायचा काय? पॅनलचे दरवाजे, चौकटी, मोल्डिंग करणार असाल तर १६०० ते २००० वॅट, १२ किंवा १२.७ चा कोलेट (आणि बिट त्याच मापाचे), स्पीड १०,००० पर्यंत किंवा त्याच्याही खाली येणारा, सॉफ्ट स्टार्ट (झटका न देता हळूहळू वेग घेणारा). हायकोकीचा एम१२व्ही२ उदाहरण म्हणून घ्या, २००० वॅट, ८,००० ते २२,०००. हॉर्सपॉवरच्या आकड्याला भुलू नका, अमेरिकन राऊटरवर ३.२५ एचपी लिहितात पण १५ अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे १८०० वॅट, अडीच एचपीसुद्धा पुरी भरत नाही. आणि २००० वॅटला आपल्याकडे जवळजवळ ९ अँपिअर लागतात, ६ च्या सॉकेटवर किंवा पातळ वायरच्या एक्स्टेंशनवर नाही, १६ चा पॉइंट घ्या.

दुकानात गेलात की बॉक्स उघडायला सांगा. प्लेटवर सगळ्यात कमी आरपीएम किती लिहिलाय तो वाचा, कोलेटचं माप बघा, मग राऊटर काउंटरवर उलटा धरून एका हाताने हाइट अर्धा मिमी वर घेऊन बघा. दुकानदार घाई करेल, करू द्या.