मैदानावर टँकर आला की ड्रोन पेटीत

हायस्कुलच्या मैदानावर पाण्याचा टँकर उभा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. गावात नळाला दिवसाआड पाणी, पण हेलिपॅडची धूळ साहेबांच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मैदान भिजवायला टँकर हजर! मैदान भिजलं म्हणजे कोणीतरी मंत्री येणार. मंत्री येणार म्हणजे ड्रोन उडवायला बंदी, माझं लग्नाच्या शूटिंगचं ड्रोन पेटीत, आणि मी घरात शिव्या देत.

आता लगेच चार जण सुरू होतील, "मग काय, सुरक्षा महत्त्वाची नाही का रे?" आहे ना बाबांनो. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली होती, ते मलाही माहीत आहे. ४ डिसेंबर २०२३ ला इथे तारकर्लीला नौदल दिन झाला, पंतप्रधान आले, समोर युद्धनौका. तेव्हा मी आपणहून पेटी कपाटावर ठेवली आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पण प्रत्येक भूमिपूजनाला, प्रत्येक कोनशिलेला, कोणाच्या तरी पुतण्याच्या लग्नाला साहेब आशीर्वाद द्यायला येणार म्हणून अख्ख्या तालुक्याचं आकाश बंद? आणि तेही आदल्या रात्री, व्हॉट्सॲपवर?

गेल्या महिन्यातलं सांगतो. मुंबईचे चाकरमानी, मुलीचं लग्न गावी, खाडीच्या तोंडाशी असलेल्या रिसॉर्टमध्ये. बुकिंग नोव्हेंबरातलं. त्यांची हौस एकच होती: नवरदेवाची वरात होड्यांतून यायची. तीन होड्या, झेंडूच्या माळा, पुढच्या होडीत ढोल, आणि हे सगळं वरून, माडांच्या शेंड्यांवरून टिपायचं. जमिनीवरून काय दिसणार? कांदळवन आणि पाहुण्यांच्या पाठी. म्हणूनच मला बोलावलं होतं. वेळ सकाळी साडेसातची, कारण अकरा वाजले की खारा वारा असा सुटतो की माझं एवढंसं यंत्र वर नुसतं डगडग हलत राहतं. तिन्ही बॅटऱ्या फुल्ल, कार्ड रिकामं, पंखे पुसून झालेले. पावणेअकराला झोपायला जाणार तेवढ्यात फोन वाजला.

ग्रुपवर पोलीस पाटलांनी फोटो टाकलेला. कोणाच्या तरी टेबलावर तिरका ठेवून काढलेला आदेश, खालची सही अर्धी कापलेली, वर कोणाचा तरी अंगठा. मजकूर नेहमीचाच: माननीय मंत्रिमहोदयांच्या दौऱ्यानिमित्त संपूर्ण तालुका हद्दीत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून वगैरे उडवण्यास मनाई. हॉट एअर बलून! आमच्या तालुक्यात जत्रेतले फुगेवाले सोडले तर बलून कोणाकडे आहे ते शोधून सांगा, मी त्याच्याकडे जेवायला जातो. कुठल्या तरी शहरातल्या आदेशाचा मजकूर उचलायचा, गावाचं नाव बदलायचं, झालं काम.

मी अंथरुणातच डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडला. आमचा किनारा हिरवा. पहाटे साडेपाचला परत उघडला, तरी हिरवाच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांवर येते. चिपीचा विमानतळ माझ्या त्या खाडीपासून कितीतरी लांब, म्हणजे तोही प्रश्न नाही. आता पोलिसांना एखादा भाग तात्पुरता लाल करायचा अधिकार त्याच नियमांत आहे, अगदी मान्य. पण तो लाल झाल्याचं त्याच नकाशावर दाखवायचं, आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याने काढायचा आणि क्षेत्र वाजवीपेक्षा मोठं होऊ नये याचा प्रयत्न करायचा, हेही तिथेच लिहिलंय. आमच्याकडे मात्र नकाशावर हिरवं आणि व्हॉट्सॲपवर लाल. पायलटने कोणाचं ऐकायचं? नकाशाचं ऐकलं तर पोलीस उचलणार, पाटलांच्या फॉरवर्डचं ऐकलं तर गिऱ्हाईक बोंबलणार. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत, वर जमावबंदीचं कलम, पूर्वीचं १४४, आताचं १६३, ते वेगळंच. १ लाखात माझ्यासारख्याचं ड्रोन येतं, बॅटऱ्यांसकट.

आणि समारंभ कुठे होता? हायवेच्या बाजूला. माझ्या होड्यांपासून २२ किलोमीटर. माझं ड्रोन नजरेच्या टप्प्यात उडवायचं असतं, बॅटरी चालते वीसेक मिनिटं. ते साहेबांकडे निघालंच तर अर्ध्या वाटेत कुठल्या तरी आमराईत मान टाकेल आणि राखणदार काठी घेऊन माझ्या घरी येईल.

सहा वाजता ठाण्यात गेलो. टेबलावरचे हवालदार बिचारे रात्रपाळीचे, डोळे तांबडे. मी सगळी कागदं पुढे ठेवली. ड्रोनच्या नोंदणीचा यूआयएन नंबर, रिमोट पायलटचं सर्टिफिकेट (पुण्याला सहा दिवस राहून, पदरचे चाळीस हजार मोडून मिळवलेलं, त्याला कोणी बघतही नाही), लग्नाची पत्रिका, मोबाइलवर नकाशा.

"साहेब, हयसर हिरवा दाखवता बघा."

"रे, माका नकाशो नको दाखवू. वरसून सांगलेला आसा. तुझा ड्रोन दिसला तर माझी नोकरी जायत."

"पन कार्यक्रम थंय हायवेर, आमी खाडीत!"

"ता माका म्हायत नाय का? पन आदेशात तालुको म्हटलाहा. मी काय करू? चाय घेतंस?"

चहा घेतला. त्यांच्यावर राग काढून काय करणार? आदेश टाइप करणारा दुसराच. तालुक्याच्या ऐवजी कार्यक्रमस्थळापासून ३ किलोमीटर एवढं लिहायला त्याच्या बोटांना काय दुखत होतं, हे मला एकदा समजून घ्यायचंय.

साडेसातला होड्या आल्या. मी धक्क्याच्या बाजूला मांडीपर्यंत चिखलात उभा, हातात साधा कॅमेरा. ऊन असं तिरपं पडलेलं, पाणी गुळाच्या काकवीसारखं चमकत होतं, वरून काय दिसलं असतं ते मला डोळे मिटून दिसत होतं. मिळालं काय? ढोलवाल्याची टोपी, नवरदेवाचं अर्धं तोंड आणि मधे आलेली कोणाची तरी छत्री. मुलीचे काका खुर्चीवरून बघत होते. त्यांनी मला आदेश वाचायला मागितला, वाचला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "दादा, तुमची चूक नाही, पण आमची वरात परत येणार आहे का?" ठरलेले अठरा हजार होते, हातात आले नऊ. मी भांडलो नाही. भांडायला तोंडच नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. अकरा वाजता त्याच ग्रुपवर निरोप आला: काही अपरिहार्य कारणास्तव साहेबांचा दौरा रद्द. मी लगेच ठाण्यात फोन लावला, संध्याकाळी समुद्रावर नवराबायकोचं शूट तरी करू म्हणून. उत्तर काय? "रद्द झाल्याचा लेखी काय इलेला नाय." म्हणजे बंदी घालायला तिरका फोटो पुरतो, उठवायला मात्र सही-शिक्क्याचा कागद हवा! साहेब मुंबईत जेवत होते आणि आमचं आकाश त्यांच्या सन्मानार्थ रात्री बारापर्यंत बंद होतं.

त्याच्या आधीचा डिसेंबरातला दौरा तर मी विसरणारच नाही. तेव्हाही बंदी, तेव्हाही माझं एक काम बुडालं. रात्री मोबाइल बघतो तर कार्यकर्त्यांनी रील टाकलेलं, "कोकणात जनसागर उसळला". जनसागर वरून घेतलेला. एवढंच नाही, कॅमेरा फिरतो तेव्हा कोपऱ्यात आमच्या मांगराची, म्हणजे शेतघराची, कौलं दिसतात! मी थांबवून, मोठं करून बघितलं. फणसाखालचं फुटकं कौलसुद्धा ओळखलं. ते ड्रोन कोणाचं, त्याचा नंबर काय, त्याला परवानगी कोणी दिली, हे विचारायला मी ठाण्यात जाणार होतो. आई म्हणाली, गप बस, इथेच राहायचंय आपल्याला.

शहरातले मित्र सांगतात, दुसऱ्या दिवशी कर. कुठला दुसरा दिवस? जून ते सप्टेंबर पाऊस, ड्रोन तांदळाच्या डब्यात पडून. उरलेल्या महिन्यांत मुहूर्त किती, त्यातले लोक गावी येणार किती, त्यातली वाऱ्याविना सकाळ किती? एक बुडाली की त्या महिन्याचा हप्ता बुडाला. हे गणित टीए-डीए घेऊन दौऱ्यावर येणाऱ्यांना कसं कळणार!

अहो, आमची आंगणेवाडीची भराडी देवी बघा. तिची जत्रा पंचांगावर नाही, कौलावर ठरते. पण एकदा कौल झाला की तारीख आधीच जाहीर होते. चाकरमानी तिकिटं काढतो, एसटी जादा गाड्या सोडते, दुकानवाला माल भरतो, मीसुद्धा त्या दिवशी काम घेत नाही. देवी आधी सांगते. मंत्र्यांचा दौरा कार्यक्रम मात्र आठवडाभर आधी पक्ष कार्यालयात फिरतो, बॅनर छापून होतात, कमानी उभ्या राहतात, हायवेच्या येणाऱ्या बाजूचेच खड्डे बुजतात, आणि ड्रोनवाल्याला कळतं रात्री पावणेअकराला. बॅनरवाल्याला आठ दिवस आधी सांगता येतं, तर मला का नाही?

मला सवलत नको, पास नको, साहेबांबरोबर फोटो तर अजिबात नको. दोन दिवस आधी नकाशावर लाल करा, जिथे साहेब आहेत तेवढंच करा, आणि साहेब आलेच नाहीत तर त्याच मिनिटाला पुसा. ड्रोन आम्ही गपचूप खाली ठेवतो, ठेवतच आलोय.

रविवारी एक साखरपुडा आहे, समुद्रावर, सकाळी आठला. ॲडव्हान्स घेतलाय. नकाशा आत्ताच बघितला, हिरवा आहे. पण काल संध्याकाळी हायस्कुलच्या मैदानावर टँकर आलाय.