मामा, आपला माळ पडीक नाहीये

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला. तोच, हिरव्या अक्षरांतला, शेवटी हात जोडलेले. तुमच्याकडेही येऊन गेला असणार. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: अख्खं दख्खन म्हणे पूर्वी घनदाट अरण्य होतं, ते आधी इंग्रजांनी तोडलं, उरलेलं धनगरांच्या मेंढरांनी खाल्लं, म्हणून दुष्काळ आला. आता राज्यातले सगळे रिकामे माळ जेसीबीनं खणायचे, एकरी चारशे झाडं लावायची, की पाच वर्षांत पाऊस परत. शिवाय गवताचा कुणाला काही उपयोग नाही, आणि ही झाडं चोवीस तास ऑक्सिजन देतात.

एरवी असल्या मेसेजला मी अंगठा देऊन मोकळा होतो. पण आमचे मामा माण तालुक्यातले, ग्रामपंचायतीत आहेत, आणि कुठल्याशा संस्थेनं गावच्या गायरानावर फुकट झाडं लावून द्यायची तयारी दाखवलीय. म्हणजे या मेसेजचा आता ठराव होणार. म्हणून बसलोय लिहायला.

चोवीस तास ऑक्सिजनवर मी एक ओळही लिहिणार नाही. पाचवीतल्या पोराला विचारा.

पावसाचं बघू. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तिथून गाडीनं दोन-तीन तासांवरच्या आपल्या दहिवडी-म्हसवडकडे त्याचा दहावा हिस्सा येतानाही मारामार, ती काय मधली झाडं तोडली म्हणून? ढग सह्याद्रीवर चढतानाच रिकामे होतात, आपण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बसलोय. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात आणि मामांनी ते मला स्वतः शिकवलंय. दुष्काळाचं म्हणाल तर दुर्गादेवीचा दुष्काळ चौदाव्या शतकाच्या शेवटचा सांगतात, १६३० चा तर इतिहासात नीट नोंदलेलाच आहे. तेव्हा कुठला इंग्रज होता माणदेशात?

आता ते घनदाट अरण्य. इथं थोडं मान्य करतो, नाइलाजानं. इंग्रजांनी जंगलं तोडली हे खरं आहे, जहाजांना साग लागला, रेल्वेला स्लीपर लागले, त्यात सह्याद्रीची बरीच झाडी गेली. पण सह्याद्रीत झालं म्हणजे म्हसवडला झालं असं नसतं ना. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी यावर एक फार भारी काम केलंय, २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' नावाच्या जर्नलमध्ये आलंय. त्यांनी काय केलं, तर थेट तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या कथा-गाणी घेतली आणि त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांबद्दल झाडाझुडपांचे काय उल्लेख येतात ते वेचून काढले. ४४ रानटी वनस्पती सापडल्या, त्यातल्या २७ सव्हानाच्या, म्हणजे गवताळ माळावरच्या, उघड्यावर उन्हात वाढणाऱ्या. बाभूळ-तरटीच्या जातकुळीतल्या. इंग्रज यायच्या कितीतरी आधी इथले लोक आपल्या देवांच्या गोष्टीत काटेरी झाडं आणि गवत सांगत होते. अरण्य असतं तर अरण्य सांगितलं असतं की, त्यांना कुणी अडवलं होतं? आणि हे काय कुणी परदेशी माणसानं सॅटेलाइटवरून सांगितलेलं नाहीये, आपल्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं आहे.

सव्हाना म्हटलं की लोकांना आफ्रिका आठवते, सिंह, जिराफ वगैरे. अहो, उन्हाळ्यात करपलेला, पावसाळ्यात कमरेएवढ्या गवताचा, मधेच एखादं हिवराचं झाड, असा आपला माळ म्हणजे सव्हानाच. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात यातला बराचसा भाग 'पडीक' म्हणून रंगवलाय, तिथूनच ही सगळी गडबड सुरू होते, कारण एकदा पडीक म्हटलं की जो तो काहीतरी 'विकास' करायला मोकळा.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य मात्र 'रिकामे माळ जेसीबीनं खणा' हे आहे. बाकीचं हसून सोडता येतं, हे नाही.

मामा, आठवतंय का, लहानपणी आम्ही माळावरून आलो की मोज्यांत कुसळं भरलेली असायची आणि मामी ओरडायची. तुम्ही एक कुसळ घेऊन तळहातावर ठेवायचात, थुंकीचं बोट लावायचात, की ते आपोआप गोल गोल फिरायला लागायचं. आम्हाला ती जादू वाटायची. ती कुसळी गवताची पेरणी आहे. पहिला पाऊस पडला की ओलीनं कुसळाचं शेपूट पिळा घेतं आणि टोकदार बी स्वतःला मातीत दाबून घेतं. त्या गवताला ना खड्डा लागतो, ना टँकर, ना उद्घाटन. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं वरून वाळून कोरडीठाक झाली तरी खालचा ठोंब जिवंत असतो. मी एकदा पहारीनं एक ठोंब उकरायला गेलो होतो, हात दुखायला लागले पण मुळं संपेनात. माळाची सगळी पुंजी खालीच असते, कार्बन कार्बन म्हणतात तोही बहुतेक मातीतच. जेसीबी नेमकं तेच उपसून वर टाकतो. एकदा माळ नांगरला की नंतर सोडून दिला तरी तिथं जुनी बारमाही गवतं सहजी परत येत नाहीत, वर्षानुवर्षं टाकळाबिकळाच माजतो. लांबून हिरवं दिसतं म्हणून लोक खूश.

आणि रिकामा म्हणे! भारताच्या सव्हानांत फक्त इथंच सापडणाऱ्या २०६ वनस्पती नोंदल्या गेल्यात, त्यातल्या जवळजवळ ४३ टक्के गेल्या वीसेक वर्षांत नव्यानं ओळखल्या गेलेल्या. म्हणजे अजून नीट मोजूनही झालेलं नाही आणि आपण खणायला निघालो. धाविक, टिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, लांडगा माळावरच राहतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूरकडे नान्नजचं अभयारण्य झालं, तो पक्षी आज तिथं दिसला तर बातमी होते. त्याची कारणं अनेक, पण माळ संपत जाणं त्यात वरच्या नंबरला.

मेंढरांवरचा राग तर मला कळतच नाही. दिवाळीनंतर शेतात मेंढरं बसवायला हेच लोक धनगराला फोन करतात, खत हवं असतं, वर धान्य-पैसे देतात, आणि मग ग्रुपवर तोच धनगर जंगल खाणारा! चराई प्रमाणाबाहेर झाली की माळ खराब होतो, हे खरंय, आपल्याकडंही दोन-तीन ठिकाणी नुसता मुरूम उघडा पडलाय. त्यावर उपाय म्हणजे पाळीपाळीनं कुरण राखणं, दोन पावसाळे एक तुकडा बंद ठेवायचा. जुनी माणसं करायचीच. आणि गवताचा उपयोग नाही म्हणणाऱ्याला कडब्याच्या पेंडीचा भाव विचारा. झाशीला १९६२ पासून गवत आणि चाऱ्यावर देशाची अख्खी संशोधन संस्था आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलचे वाण काढलेत, ते काय हौस म्हणून?

शेवटी 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' असं एक वाक्य आहे, कुठल्या ते नाही. बहुधा २०१९ चा 'सायन्स'मधला तो गाजलेला पेपर, जगभर झाडं लावून २०५ गिगाटन (म्हणजे अब्ज टन) कार्बन साठवता येईल असं म्हणणारा. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून उत्तर दिलं, की हा आकडा पाचेक पट फुगवलाय आणि गवताळ प्रदेश झाडं लावायच्या यादीत घातलेत. ते उत्तर कुणी फॉरवर्ड करत नाही.

मामा, पलीकडच्या गावात तीन वर्षांपूर्वी असंच ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलंय, ठरावाआधी एकदा बघून या. खाली पवन्याची काडी नाही, मेंढरं वळसा घालून जातात, आणि निम्म्या खड्ड्यांत अजून काळ्या पिशव्या तशाच आहेत. झाडंच लावायची असतील तर शाळेमागं, एसटी स्टँडला, ओढ्याच्या कडेनं भरपूर जागा आहे, वड, चिंच, करंज काय हवं ते लावू. तिथं टँकरही जातो. मी सुट्टी टाकून येतो खोरं घेऊन, फक्त गायरानाचा ठराव पुढं ढकला.