‘घरी बसून पुस्तकं चाळणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

एस्ट्रिन (पांढरी) विरुद्ध बर्लिनर (काळी) या पोस्टाने खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘पोस्टाने बुद्धिबळ म्हणजे घरी बसून पुस्तकं चाळणं, यात कर्तृत्व कसलं? रिकामटेकड्यांचा उद्योग.’ वर वर्षाची चूक काढलीत आणि इंजिनचं, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामचं, मतही ऐकवलंत.

वर्षाचं मान्य. मी नुसतं 1965 लिहिलं होतं; हा डाव ज्यातला, त्या पाचव्या जागतिक पोस्टल अजिंक्यपदाची अंतिम फेरी 1965 ते 1968 चालली. दुरुस्त केलंय.

पण ‘रिकामटेकडे’? ही कुठली भाषा? मी नोकरी सांभाळून अकरा वर्षं कार्डांवर खेळलोय. पोस्टकार्डावर खेळी आकड्यांत लिहायची, आधी सुटायचं घर, मग पोचायचं. 5254 म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं. एकदा रात्री 7163 ऐवजी 7183 लिहून बसलो. घोडा एफ3 ऐवजी कडेला, एच3 वर. कार्ड लाल पेटीत पडलं की खेळी परत घेता येत नाही. तो डाव चौदा महिने ओढला आणि हरलो. तुम्ही असे चौदा महिने एका घोड्यापायी काढलेत का? नसतील तर जरा जपून लिहा.

आणि पुस्तकं काय एकट्या बर्लिनरकडे होती? समोरचा एस्ट्रिन तर टू नाइट्स डिफेन्सचा, म्हणजे या डावातल्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या पद्धतीचा, नावाजलेला अभ्यासक. बर्लिनर मुद्दाम त्याच्याच अंगणात शिरला. 10व्या खेळीला त्याचा जी4 वरचा उंट आणि डी4 वरचा घोडा, दोन्ही प्याद्यांच्या तोंडी होते. त्याने एकालाही हलवलं नाही, प्यादं ई4 वर ढकललं! ही तयारी घरची, कबूल. पण ती केली कोणी? त्यानेच ना? आणि 28व्या खेळीपर्यंत वजिरावजिरी होऊन हत्तींचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) उरला, तो कुठल्या ओपनिंगच्या (सुरुवातीच्या खेळ्यांच्या) पुस्तकात होता? एफ7 चं प्यादं सोडून देऊन त्याचा राजा डी6, ई5, डी4 करत 36व्या खेळीला सी2 वर, थेट पांढऱ्याच्या घरात जाऊन उभा राहिला. 42व्या खेळीला एस्ट्रिनने डाव सोडला.

इंजिनबद्दल मी बोलणार नाही. 1965 साली ते दोघांकडेही नव्हतं.

घरी पट असेल तर मांडा, 36व्या खेळीपर्यंत स्वतःच्या हाताने या, आणि मग लिहा. तेव्हा मी सविस्तर उत्तर देईन.