७० पिकोसेकंदांचा ठोका, २ पिकोसेकंदांचा फरक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. सिंक्रोट्रॉनमधला (इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रातला) क्ष-किरणांचा एकेक ठोका ७० पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) रुंद असताना कोबाल्ट आणि पर्मलॉय (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) या थरांच्या चुंबकनाच्या डोलण्यातला २ पिकोसेकंदांचा फरक मोजल्याचा दावा म्हणजे धूळफेक. आणि हे काम प्रयोगशाळेतल्या नेटवर्क ॲनालायझरवर (नमुना मायक्रोवेव्ह किती शोषतो हे मोजणाऱ्या उपकरणावर) स्वस्तात होतं.

एकदाच घडणारी घटना टिपायची असती तर पहिला आक्षेप बिनतोड होता. इथे चुंबकन डोलवणारा मायक्रोवेव्ह सिग्नल सिंक्रोट्रॉनच्या कड्याच्या सुमारे ५०० मेगाहर्ट्झच्या घड्याळालाच बांधलेला असतो. समजा आठपट, म्हणजे ४ गिगाहर्ट्झ. ठोके २ नॅनोसेकंदांनी येतात, तेवढ्यात चुंबकनाची बरोबर ८ आवर्तनं होतात. प्रत्येक ठोक्याला तीच अवस्था दिसते. मायक्रोवेव्ह आणि ठोका यांच्यातला डिले, म्हणजे उशीर, बदलत मोजलं की साइन वक्र मिळतो; रुंद ठोक्यामुळे त्याची उंची घटते. ठोका बेढब असेल तर वक्र सरकतोही, पण दोन्ही थरांचा सारखाच, त्यामुळे फरक शाबूत राहतो. गॉसियन ठोका धरला तर ४ गिगाहर्ट्झला साधारण ७५ टक्के उंची उरते, १० गिगाहर्ट्झला जेमतेम १७. तिथे तुमचा मुद्दा खराच बोचतो. बर्लिनच्या बेसी-२ सारख्या कड्यांवर लो-अल्फा पद्धतीने (इलेक्ट्रॉनांचे पुंजके आखडून) ठोके आखूड करता येतात, पण प्रकाशही घटतो.

२ पिकोसेकंद म्हणजे ४ गिगाहर्ट्झला सुमारे ३ अंश. एवढ्यासाठी खरा शत्रू आहे तापणारी केबल: फेज, म्हणजे आवर्तनातली जागा, हळूहळू घसरते. म्हणून आधी सगळं कोबाल्ट, मग सगळं निकेल असं मोजू नये. डिलेच्या प्रत्येक बिंदूवर ७७८ (कोबाल्टसाठी) आणि ८५३ (पर्मलॉयमधल्या निकेलसाठी) इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण आलटून-पालटून घ्यावेत. शिवाय किरणांचं वर्तुळाकार ध्रुवीकरण उलटवून पाहावं. चुंबकनाचा सिग्नल चिन्ह बदलतो, डिटेक्टरमध्ये शिरलेली मायक्रोवेव्ह बदलत नाही. ही तपासणी नसेल तर त्या आलेखावर मीही विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल: एकच थर असेल तर ॲनालायझरच वापरा, बीमटाइमसाठी (सिंक्रोट्रॉनवरच्या वेळेसाठी) अर्जही करू नका. पण कोबाल्ट, तांबं, पर्मलॉय अशा थप्पीत तो दोन्ही थरांची बेरीज देतो. क्ष-किरणांनी मात्र चुंबकीय क्षेत्र पर्मलॉयच्या अनुनादावर ठेवून फक्त कोबाल्टची फेज पाहता येते. ती हलली, तर तांब्यातून स्पिन प्रवाह (इलेक्ट्रॉनांच्या स्पिनची वाहतूक) पोहोचला असण्याची शक्यता आहे. शक्यताच, कारण थरांमधली साधी चुंबकीय जोडही तिला हलवू शकते. त्यासाठी तांब्याऐवजी पुरेशा जाड मॅग्नेशियम ऑक्साइडचा नमुना सोबत मोजावा. त्यातून स्पिन प्रवाह जात नाही, थरांच्या चुंबकीय क्षेत्रांमुळे होणारी द्विध्रुवी जोड मात्र उरते.