रोपं मिळतात हो, तिसऱ्या वर्षाची निंदणी कोण करणार?

जून आला की लागवडीचे आकडे फिरायला लागतात. आपल्या राज्याने 2016 साली 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटींची उद्दिष्टं पाहिली. उद्दिष्टाला माझा विरोध नाही. पण गावाला रोपं द्यायची आणि काम मोजायला, मस्टर (मजुरांचं हजेरीपत्रक) काढायला, ठराव नीट लिहायला कुणालाच शिकवायचं नाही, हा उफराटा कारभार आहे.

आधी वेळेचं बोलू. 3×3 मीटर अंतर धरलं तर हेक्टरी 1,111 खड्डे बसतात. मर धरून रोपवाटिकेत 1,250 तरी रोपं हवीत, आणि ती बारा ते अठरा महिन्यांची. म्हणजे या पावसाळ्यातल्या लागवडीची तयारी मागच्या पावसाळ्याच्या आसपासच सुरू व्हायला हवी होती. 45 सेंटीमीटर लांब-रुंद-खोल खड्डे एप्रिल-मेमध्ये खणायचे, वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा उन्हात तापला की वाळवी आणि किडीचा जोर कमी होतो. पाऊस येण्याआधी वरची माती तळाला घालून खड्डा भरायचा आणि ओल तळापर्यंत उतरली की लावायचं.

प्रत्यक्षात काय होतं? मंजुरी रेंगाळते, चिखलात खड्डे पडतात, तेही वीतभर, आणि सप्टेंबरात रोप लागतं. ऑक्टोबरच्या उन्हाआधी मूळ खाली जायला वेळच मिळत नाही. फेब्रुवारीत असं वाळलेलं रोप उपटून बघा. पिशवीच्या आकाराचा मातीचा गोळा जसाच्या तसा हातात येतो, मुळं त्याच्या आत गोल गोल गुंडाळलेली, बाहेर एकही तंतू गेलेला नाही. काही वेळा तर पिशवीच काढलेली नसते. कागदावर मात्र ‘पाण्याअभावी मर’.

दुसरं, सगळीकडे खड्डे कशाला? उजाड दिसणाऱ्या गावरानात पळस, साग, धावडा, खैर यांचे जिवंत खुंट मातीत असतात. दरवर्षी गुरं कोंब खातात, उन्हाळ्यात आग लागते, म्हणून ते वर येत नाहीत. खुंटावरचे आठ-दहा कोंब विरळून एक-दोन सरळ ठेवले, चराई आणि आग थांबवली, तर ते नव्या रोपाच्या कितीतरी पुढे जातात, कारण खाली मूळ तयार असतं. मोकळ्या जागी मोह, कडुनिंब यांचं ताजं बी टोकायचं. ही बियाणी साठवून टिकत नाहीत, पडली की थोड्याच आठवड्यांत मातीत गेली पाहिजेत. पण अंदाजपत्रकात खड्डा सहज बसतो आणि कोंब-विरळणीसाठी शोधाशोध करावी लागते, म्हणून गाव खड्डेच मागतं. सगळी गंमत इथेच आहे.

कुंपणाचंही तसंच. रोजगार हमीत मजुरीवर किमान 60 टक्के खर्चाचं बंधन राहिलेलं आहे. काटेरी तार आणि लोखंडी जाळ्या साहित्यात जातात, प्रमाण बिघडतं, प्रस्ताव परत येतो. त्यापेक्षा मीटरभर खोल गुरेप्रतिबंधक चर, त्याच्या बांधावर सागरगोटा किंवा घायपात. यात जवळजवळ सगळी मजुरीच. आणि सगळं रान एकदम बंद करू नका. शेळ्यावाल्यांना जागाच उरली नाही तर पहिल्याच वर्षी रात्री गुरं आत जातात. एक तृतीयांश बंद, तिथलं गवत कापून न्यायला परवानगी, आणि झाडं गुरांच्या तोंडाच्या वर गेली की पुढचा तुकडा. विदर्भात जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेले पट्टे) फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साफ हव्यात. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवला जातो तो त्यानंतरच.

आता कागद. ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) बऱ्याचदा दोन-तीन गावं असतात. त्याच्या भरवशावर तीन वर्षांचं संगोपन चालणार नाही. ग्रामरोजगार सेवक (गावातलं रोजगार हमीचं काम बघणारा), दोन बचतगटातल्या बाया आणि दोन तरुण, एवढ्यांना तरी चार गोष्टी यायला हव्यात: सातबारा आणि नकाशा वाचून जमीन गायरान आहे, वनखात्याची आहे की झुडपी जंगल (महसूल नोंदीतली खुरट्या झाडीची जमीन) हे ओळखणं, कामाची मागणी लिहून पोच घेणं, मोजमाप पुस्तिकेतली नोंद तपासणं, आणि जिवंत रोपं मोजणं. सभागृहात दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवून हे येत नाही. खऱ्या मस्टरवर बोट ठेवून शिकवावं लागतं.

ठरावाची गफलत फार होते. ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती गणपूर्ती. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, आणि ती पाड्याचीही असू शकते. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे सगळ्या गावाला मिळून हक्क मिळालेल्या, जंगलाचा आराखडा ग्रामपंचायत कायद्याच्या सभेत मंजूर केला की पुढे अडकलाच म्हणून समजा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरचा हक्क मिळाला, त्याआधी कित्येक वर्षं तिथे अभ्यासगट बसत होते. लोक मेंढ्याच्या बांबूचं कौतुक करतात, अभ्यासगटाचं कुणी नाव काढत नाही.

मोजणी अवघड नाही. 10×10 मीटरच्या चौकोनात साधारण 11 खड्डे येतात. चिठ्ठी टाकून दहा चौकोन निवडा, ऑक्टोबरात मोजा, मेअखेर पुन्हा मोजा. पानं नसलेलं रोप लगेच मेलं म्हणून लिहू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, वाईट असला तरी. आणि 15 ऑगस्टच्या सभेत नव्या लागवडीचा विषय येण्याआधी तीन प्रश्न इतिवृत्तात घाला: मागच्या लागवडीतली किती जगली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या निंदणीचा निधी कोणत्या कामातून, आणि राखणदाराची मजुरी दर महिन्याला कोणाच्या सहीने निघणार. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत नवीन रोपं उचलू नका.