कधी येणार?

सकाळचे सहा वाजले होते. चहाचं आधण ठेवून फोन हातात घेतला, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यावर खटला चालू होता. फिर्यादी माझा भाचा. "मावशी, तू त्याच्या गावाजवळच राहतेस ना? जाऊन सांग त्याला. पाच भागांचे पैसे घेतलेस, आता सहावा दे. आपल्याकडे असता तर ग्राहक मंचात खेचला असता." दादाने अंगठा दिला. ताईने वर लिहिलं, "आपले लेखक नाही हो असं करत."

भाच्याची तक्रार अशी, की 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या त्यांच्या कादंबरीमालेचा पहिला भाग १९९६ साली आला, पाचवा २०११ साली, आणि सहाव्याचा अजून पत्ता नाही. मधल्या काळात टीव्ही मालिका पुस्तकांना मागे टाकून २०१९ मध्ये संपलीसुद्धा. यातलं काहीच खोटं नाही. माझं डोकं फिरलं ते ताईच्या वाक्याने.

आपले लेखक! नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं आपण वाचनालयातून आणून पांघरुणात बॅटरी लावून वाचली आणि सकाळी चारचौघांत 'ते काही साहित्य नव्हे' म्हणालो. धारप २००८ साली गेले. २०१८ मध्ये 'तुंबाड' सिनेमा आला तेव्हा मात्र त्यांच्या 'आजी' कथेशी त्याचं नातं सांगायला जो तो पुढे. धारपांनी वाचकांना ताटकळत ठेवलं नाही हे खरं. वाचकांनी त्यांना किती ठेवलं, ते ताईने सांगावं.

मग मी इथलं पुराण लावलं. मार्टिन यांचं गाव, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं सांता फे, माझ्यापासून तासाभरावर, ला बाहादाचा चढ चढला की आलंच. २०१३ साली मार्टिन यांनी तिथलं बंद पडलेलं जाँ कॉक्तो थिएटर विकत घेऊन पुन्हा सुरू केलं. शेजारीच त्यांचं पुस्तकांचं दुकान आहे, तिथे सही केलेल्या प्रती मिळतात. लोक येतात, पॉपकॉर्न घेतात, सिनेमा बघतात. इथल्या लोकांना लेखकाला लेखकासारखं जगू देणं जमतं, असं मी ग्रुपवर ठोकून दिलं.

ते खरं नव्हतं, आणि लिहितानाही मला ते माहीत होतं. या माणसाला सगळ्यात जास्त छळलं ते इंग्रजीतल्याच वाचकांनी. तो फुटबॉलची मॅच बघतो, मग लिहितो कधी, अशा तक्रारी इतक्या झाल्या की फेब्रुवारी २००९ मध्ये मार्टिन यांना निंदकांसाठी जाहीर खुलासा लिहावा लागला. 'पुस्तक पुरं करायच्या आत मेलात तर?' हा प्रश्नही त्यांच्या तोंडावर टाकला जातो. २०१४ साली एका स्विस वृत्तपत्राच्या मुलाखतीत त्यांनी त्याला दिलेलं उत्तर इथे छापण्यासारखं नाही. मी असते तर त्याहून वाईट दिलं असतं.

तेही काही साधुसंत नाहीत. २०२० च्या न्यूझीलंडमधल्या विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनात माझ्या हातात पुस्तक नसलं तर मला तिथल्या व्हाइट आयलंडवर डांबून ठेवा, असं त्यांनी गमतीत लिहून दिलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच बेटावरचा ज्वालामुखी उसळला, माणसं मेली. मग कोविड आला, संमेलन पडद्यावर झालं आणि पुस्तक आलंच नाही. त्या संमेलनातल्या ह्यूगो पुरस्कार सोहळ्याचं सूत्रसंचालन त्यांनी केलं. जुन्या आठवणी सांगत बसले आणि काही लेखकांची नावं चुकीची उच्चारली. चाहते खवळले. तेव्हा मीही खवळले होते. इथल्या क्लिनिकमध्ये माझा नंबर आला की नर्स कागदाकडे बघून थबकते. नाव ऐकायची गरज पडत नाही, ती थबकली की मी उठते.

पण हा माणूस मुळात चाहताच. न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या गोदी कामगाराचा मुलगा. १९६३ साली 'फॅन्टॅस्टिक फोर' या कॉमिकच्या विसाव्या अंकात त्याचं पत्र छापून आलं, खाली पत्ता होता. त्या पत्त्यावर इतर पोरांची हौशी मासिकं यायला लागली, आणि त्यातल्याच मासिकांत तो कथा लिहू लागला. तेच मार्टिन आज 'माझी पात्रं घेऊन तुम्ही गोष्टी लिहू नका' म्हणतात. दुसरीकडे स्वीडनमधल्या एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटनसन या चाहत्या जोडप्याला त्यांनी आपल्या कादंबऱ्यांच्या जगावरच्या २०१४ च्या ग्रंथात सहलेखक करून घेतलं. म्हणजे दार बंद, पण खिडकी ओळखीच्यांना उघडी.

इथे मात्र मी मार्टिन यांच्या बाजूने नाही. आपण परक्याची पात्रं उचलण्यावरच वाढलेली माणसं. 'मृत्युंजय' १९६७ चं, 'राधेय' १९७३ चं; कर्णासाठी व्यासांची परवानगी मागायला कोण गेलं होतं? आमच्या वाचनालयातल्या धारपांच्या एका पुस्तकाची शेवटची चार-पाच पानं फाटलेली होती. मी आणि दादाने गच्चीवर बसून शेवट रचला. दादाच्या शेवटात सगळे मरायचे, माझ्या शेवटात एक मुलगी वाचायची. खरा शेवट मी अजून वाचलेला नाही.

भाच्याला हे सगळं लिहायला बसले आणि मधेच थांबले. एवढी वकिली मी कुणाची करत होते?

२००९ साली निघताना आईला म्हणाले होते, दोन वर्षं. मग ग्रीन कार्डचं लागलं, मग हे एक प्रोजेक्ट, मग मुलाची शाळा. जानेवारी २०१६ मध्ये मार्टिन यांनी मुदत हुकल्याचं कबूल केलं, ते मी ऑफिसात वाचलं. नवी तारीख देण्याच्या भानगडीतही ते पडले नव्हते. मी मात्र त्याच आठवड्यात आईला पुढची तारीख दिली होती.

पूर्वी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: कायमची कधी येणार? मी वैतागायचे. आता आई विचारत नाही. गेल्या वर्षी तिने माझं कपाट रिकामं केलं आणि त्यात वाळवणाचे डबे ठेवले. व्हिडिओ कॉलवर मागे दिसले, कुरडया, सांडगे, वर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. मी 'किती केलेस गं' एवढंच म्हणाले. त्या मानाने भाचा बरा, अजून भांडतोय.

त्याच्यासाठी मी सांता फेच्या त्या दुकानातून पाचव्या भागाची सही केलेली प्रत घेतली आहे. तीन वर्षं झाली. पोस्टाने पाठवली असती तर केव्हाच पोचली असती, पण येताना स्वतःच घेऊन येईन म्हटलं होतं.