दोन डिस्क ‘वाया’ का घालवल्या?

नमस्कार,

भोसरीतल्या एका टूलरूमसाठी (साचे, डाय बनवणारा कारखाना) मी माझ्या लेखात जे स्टोरेज सुचवलं, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स एकत्र ठेवणारा नेटवर्कवरचा डिस्कचा बॉक्स, त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. सहांपैकी दोन डिस्क रेड-६ मध्ये (कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकेल अशी मांडणी) वाया घालवल्या, दुसरा बॉक्स विक्रेत्याचं भलं करायला घेतला, आणि आजच्या काळात सगळं सरळ क्लाउडवर का नाही? जाता जाता ऑफिसच्या नेटवर्कच्या वेगाबद्दलच्या ‘गिगाबिट पुरे’ या माझ्या वाक्याचीही टर उडवलीत. तिथे तुमचंच बरोबर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. दोन जीबीची असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं ड्रॉइंग) एकट्याने उघडली तर अठरा-वीस सेकंद. पण सकाळी साडेनऊला सहा डिझायनर एकदम बसले की तोच पाइप सहा जणांत वाटला जातो आणि प्रत्येकाची जवळपास दोन मिनिटं जातात. मी एका माणसाचा हिशोब केला, साठ माणसांच्या कंपनीचा नाही. मात्र उपाय म्हणून प्रत्येक पीसीला दहा गिगाबिटचं कार्ड घालायची गरज नाही. बॉक्स ते स्विच (सगळ्या पीसींच्या वायर जिथे एकत्र येतात तो) एवढीच लाइन दहाची करा, टेबलं गिगाबिटवरच राहू द्या. मूळ लेखात ही दुरुस्ती करतो.

आता डिस्क. (कारखानदारासमोर ‘रेड’ म्हटलं की त्याला आधी आयकरवाले आठवतात, ते असो.) बारा टीबीच्या सहा डिस्क रेड-५ मध्ये (यात एकच डिस्क गेली तर डेटा टिकतो) लावल्या तर साठ टीबी मिळतात, रेड-६ मध्ये अठ्ठेचाळीस. म्हणजे फरक दोन डिस्कचा नाही, एकीचा. एक डिस्क गेली की नवीन डिस्क भरायला सेकंदाला २०० एमबीच्या वेगानेही सोळा-सतरा तास लागतात, आणि लोक काम करत असतील तर त्याहून बरेच जास्त. या काळात उरलेल्या पाचही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्या एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच झिजलेल्या. तेव्हा रेड-५ मध्ये आणखी एक गेली की सगळंच गेलं. बारा टीबीत ही झोप विकत मिळत असेल तर मी घेतो.

पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकी हीच गल्लत आहे. माझ्या एका जुन्या ग्राहकाकडे अकाउंट्सच्या पीसीत मेलमधून रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरलं आणि झेड ड्राइव्हवरच्या, म्हणजे बॉक्सवरच्या, फाइल्स एकेक करून कुलूपबंद होत गेल्या. रेडने त्या कुलूपबंद फाइल्सही इमानेइतबारे सांभाळल्या, त्याचं काम तेवढंच! वाचवलं ते दर दोन तासांच्या स्नॅपशॉटने, म्हणजे फाइल्स त्या क्षणी जशा होत्या तशा जपून ठेवणाऱ्या नोंदीने. पण स्नॅपशॉटही त्याच बॉक्सवर असतात. २०२२च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे असले बॉक्सच गाठले, तेव्हा पीसीची गरजही पडली नाही. म्हणून दुसरा बॉक्स. त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा, तो ऑफिसच्या डोमेनमध्ये (सगळ्या पीसींच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत) नाही, आणि तो स्वतः येऊन डेटा ओढून नेतो. पहिल्या बॉक्सला त्याच्यावर लिहायची परवानगीच नाही. आणि तो नवीन घेतलेला नाही. कंपनीकडे आधीपासून पडून होता, फक्त डिस्क बदलल्या. हे लेखात लिहायचं राहिलं, त्यामुळे कमिशनचा संशय तुम्हाला आला, तर चूक माझीच.

क्लाउडला माझा विरोध नाही. टूलरूमचे मेल आणि एक्सेल तिथेच आहेत. पण सहा टीबी ड्रॉइंग १०० एमबीपीएसच्या लाइनवरून चढवायला, लाइन एकदाही न तुटता, साडेपाच दिवस लागतात. शिवाय सिंकच्या (क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरमध्ये दोघांनी एकच पार्ट उघडला तर दुसऱ्याला अडवणारं कुलूप लागत नाही, दोन प्रती तयार होतात. मग मशीनवर चुकीची प्रत गेली की स्टील भंगारात.

राहिली ऑफिसबाहेरची प्रत. तिच्यासाठी दोन यूएसबी डिस्क आहेत, आलटून पालटून. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी त्यातली एक मालक डब्याच्या पिशवीतून घरी नेतात.